पोटरीवरची शिडी

पडद्यावरची मुलगी नदीत उतरली, तिने लुगडे गुडघ्यापर्यंत वर खोचले, आणि तिच्या पोटरीवर गोंदलेली शिडी दिसली. दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या, वर ठिपक्यांची ओळ. निर्मलाचा हात तिला न विचारता यंत्राच्या खटक्यावर गेला आणि फिल्म थांबली. शाळेच्या त्या जुन्या यंत्रात फिल्म थांबवायची नसते, दिव्याची उष्णता एकाच चौकटीवर पडत राहते, हे शाळेत फक्त तिलाच नीट माहीत होते. दुसऱ्यांना तीच बजावून सांगत असे. मुलगी एक पाय पाण्यात आणि एक काठावर अशी उभी राहिली. मग तिच्या गुडघ्यापाशी तपकिरी डाग उमटला, फुगला, त्याच्या कडा उकळल्या, आणि मधोमध पांढरा उजेड आला. "अगं, जळलं! निर्मला, जळलं ना!" वच्छला खुर्चीवरून ओरडली. निर्मलाने दिवा बंद केला. खोलीत जळक्या फिल्मचा आंबूस वास पसरला, आणि आपला उजवा हात आपल्याच उजव्या पायाकडे गेला आहे, लुगड्याचा काठ टाचेपर्यंत ओढतो आहे, हे तिला अंधारातच समजले.

वच्छला शाळेत मराठी शिकवीत असे आणि दोघी एका खोलीत राहत. ती तुमसरची, मोठ्या आवाजाची, मनात आले की बोलून मोकळी होणारी. "काय झालं तुला? भूत पाहिल्यासारखी!" ती म्हणाली. निर्मला म्हणाली, "हात घसरला." "तुझा? नळीत थेंब मोजून टाकतेस तू. तुझा हात घसरला तर आता भाताच्या गिरण्यासुद्धा उलट्या फिरतील." ती हसली. निर्मलाही हसली. आपण बरोबर हसलो का, योग्य तितके हसलो का, हे ती आतल्या आत तपासत राहिली. वच्छलाने पडद्याकडे पाहिले होते की माझ्याकडे, मुलीच्या पायाकडे की माझ्या हाताकडे? तिला सांगता येईना. दिवा विझल्यावर डोळ्यांत आधीचे चित्र थोडा वेळ उरते, हे ती आठवीच्या मुलींना शिकवीत असे. मेणबत्ती दाखवून, डोळे मिटायला लावून. आता तिने डोळे मिटले तेव्हा अंधारात हिरवट रंगाची एक शिडी उभी होती.

दोघी आधी चालवून पाहत होत्या तो सिनेमा सरकारच्या प्रचार खात्याचा होता. सगळा हाताने काढलेला, हलत्या चित्रांचा. एक राजकुमार असतो, त्याच्या राज्याचे तुकडे झालेले असतात, आणि तो घोड्यावरून, नावेतून, डोंगरांवरून जाऊन ते तुकडे एक करतो. वाटेत वाघ, धबधबा, जादूगार, आणि रानातले लोक. शेवटी नकाशा दिसतो आणि त्यातले वेगवेगळे रंग एकमेकांत मिसळून एकच रंग होतो. बोलणे हिंदीत होते. पण आता गोंदिया मध्यप्रदेशात राहिले नव्हते, मुंबई राज्यात आले होते, आणि नागपूरहून शिक्षणखात्याचे साहेब येणार होते. म्हणून सिनेमाचा आवाज बारीक करून मराठीत माहिती सांगायची असे ठरले. मुख्याध्यापिका सुशीलाबाईंनी ते काम निर्मलावर टाकले. "मशीन भी तुम्हीच चालवणार आणि माईकवर भी तुम्हीच," त्या म्हणाल्या. "शुद्ध मराठी पाहिजे, बरं का. आमची मराठी ऐकली तर साहेब सगळ्या शाळेला वापस भोपाळला पाठवून देतील." शिक्षिकांच्या खोलीत सगळ्या हसल्या होत्या. निर्मलाबाई दरेकसकर. त्यांची मराठी शुद्ध असणारच.

ते आडनाव तिने घेतलेले नव्हते. नागपूरच्या वसतिगृहातल्या बाईंनी गाव विचारले, तिने दरेकसा सांगितले, आणि पुढे हजेरीत तसेच आले. इथे नोकरीवर आली तेव्हा सुशीलाबाईंनी विचारले, "दरेकशाचे मालगुजार का तुम्ही, जमीनदार?" ती म्हणाली होती, "नाही, वडील रेल्वेत होते." "अच्छा, स्टेशनमास्तर," असे म्हणून त्या पुढच्या कामाला लागल्या. तिने एकही खोटे वाक्य उच्चारले नव्हते. खरी वाक्ये अशा क्रमाने ठेवली की ऐकणारा आपल्या पायांनी चुकीच्या जागी जाऊन पोचतो, आणि त्याला तिथे बसायला बरे वाटते. मग त्याला उठवायचे कशाला? वडील बकाराम मडावी, आदिवासी, रेल्वेच्या ग्यांगमध्ये. रुळाखालची खडी सारखी करणे, बोगद्याच्या तोंडाशी पडलेल्या दरडी काढणे. सुट्टीत ती जाई तेव्हा ते स्टेशनवर येत आणि तिच्यापासून चार हात अंतर ठेवून, तिची ट्रंक डोक्यावर घेऊन चालत. तिने तसे कधी सांगितले नव्हते. त्यांनी ते आपले आपणच ठरवले होते. गाडी निघून गेली, फलाट रिकामा झाला, की मग ते जवळ येत आणि विचारीत, "बरी आहेस ना, माय?"

निर्मलाच्या पोटरीवरची शिडी आईने गोंदवून घेतली होती. पावसाळा संपून भाताला लोंबी येत होती, गोंदणारीण अंगणात बसली होती, दिव्याची काजळी आणि तेल एका करवंटीत कालवलेले, सुयांची जुडी. आईने तिचे दोन्ही खांदे धरले होते. रडू नको, ही असली की घाट चढताना पाय दुखत नाहीत, आई म्हणाली होती. आणि खरेच, कितीतरी दिवस ती रेल्वेपुलापलीकडच्या टेकडीवर पळत जाऊन पाहत असे, पाय दुखतात का. दुखत नसत. नागपूरला रसायनशाळेत तिने पहिल्यांदा बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि विचार केला. नत्राम्लाने कातडी आधी पिवळी होते आणि मग सुटते, हे पुस्तकात होते. काजळी म्हणजे कार्बन, तो खोल बसलेला असतो, त्याच्यावर साध्या आम्लाचा काही परिणाम होत नाही, हेही पुस्तकातच होते. तरी तिने केले. वरचे ठिपके आणि दोन पायऱ्या कातडीसकट गेल्या. तिथे चकाकणारा, सुरकुतलेला डाग आला. खाली शिडी तशीच राहिली, उलट डागाखाली ती अधिकच काळी दिसू लागली. वच्छलाला तिने सांगितले होते, ॲसिड सांडले. तेही खरेच होते. वच्छलाने फक्त डाग पाहिला होता, घाईत, विहिरीवर. त्याखालचे पाहिले की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता. विचारणे म्हणजे सांगणे.

फिल्म जळली त्या दिवसापासून भीती तिच्याबरोबर राहायला आली. ती मोठी नव्हती. अंगात किंचित ताप असावा तशी होती. कामे होत होती, तासही होत होते, पण फळ्यावर लिहिताना हात वर केला की लुगडे पाठीमागून किती उचलले जाते याकडे मनाचा एक भाग लागलेला असे. सिनेमातल्या रानटी लोकांची तिला भीती वाटली नव्हती. ते कोळशासारखे काळे, जाड ओठांचे, केसात हाडे खोचलेले, मोठ्या हंड्याभोवती नाचणारे होते; अशी चित्रे ती लहानपणापासून पाहत आली होती, शाळेच्या पुस्तकात, नाटकाच्या पडद्यावर. ते खोटे होते आणि खोट्याची सवय होते. त्या खोट्याच्या मधोमध कोणीतरी एक खरी रेषा काढली होती. मुंबईच्या कुठल्याशा खोलीत बसणारा तो चित्रकार कधीतरी या बाजूने रेल्वेने गेला असेल, दरेकशाला गाडी पाण्यासाठी थांबली असेल, आणि फलाटावर मोळी टेकून बसलेल्या एखाद्या बाईची पोटरी त्याने वहीत उतरवून घेतली असेल. ती बाई कोण? आई का नसेल? आई मोळी घेऊन स्टेशनवर जात असे. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली होती, आणि तिची पोटरी गावोगाव भिंतीवर नदी ओलांडत होती.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती प्रयोगशाळेत एकटी बसली. जळलेली जागा कापून फिल्म सांधायची होती, त्यासाठी सुशीलाबाईंची परवानगी होती. जळाल्या होत्या दोन-तीन चौकटी. तिने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. नखाएवढी मुलगी, पुन्हा पुन्हा, प्रत्येक चौकटीत पाय थोडासा पुढे. हालचाल कुठेच नव्हती. हालचाल पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते. तिने कात्री जळक्या जागेपाशी लावली, मग वर सरकवली, आणखी वर, जिथे मुलगी झाडाआडून प्रथम बाहेर येते तिथपर्यंत. खालच्या बाजूला राजकुमार पलीकडच्या काठावर पोचतो तिथपर्यंत. मुलगी त्याला नदी चालत ओलांडायचा उतार दाखवते, एवढेच तिचे काम होते. सगळ्या सिनेमात रानातले एकच माणूस माणसासारखे काढलेले होते, नाक-डोळे असलेले, आणि तेवढेच तिने कापून काढले. कडा खरवडल्या, चिकटद्रव लावला, दाबून धरले. सांधा इतका सुरेख बसला की बोटालाही लागेना. कापलेला भाग तिने भट्टीत टाकला आणि तो आक्रसून जाईपर्यंत पाहत राहिली. आता बरे वाटेल, असे तिला वाटले होते. तिने आपली नाडी पाहिली. ती तशीच धावत होती.

सिनेमाच्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीच्या खिडक्यांना गिरणीतून आणलेली बारदाने लावली. त्यांच्या विणीतून उजेडाचे बारीक कण आत येत होते आणि कोंड्याची धूळ उडत होती. गर्दी मावणार नाही म्हणून चपराशी बिसरामने बाहेर कडुनिंबावर कर्णा बांधला होता. रस्त्यावरच्या लोकांनाही माहिती ऐकू जाणार होती. साहेब पुढे खुर्चीवर बसले. मुली सतरंजीवर, आयाबाया भिंतीला लागून. आणि दिवे मालवण्याच्या थोडे आधी दारातून एक बाई आत आली. उंच, वाकलेली, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. शाळेच्या वसतिगृहातल्या एका मुलीची आई, नंदाबाई, दरेकशाकडची. मुलीने तिला पाहिले आणि मान खाली घातली. नंदाबाई मात्र सरळ पुढे येऊन मुलींच्या मधोमध, यंत्रापासून हातभर अंतरावर बसली. निर्मलाने चेहरा यंत्राकडे वळवला. ही आपल्या गावची नाही, पलीकडच्या टोलीवरची, वाडीवरची असेल, आपल्याला ओळखणार नाही, ती स्वतःला सांगत होती.

सिनेमा सुरू झाला. तिचा आवाज माईकमध्ये जाई, आणि क्षणभराने बाहेरच्या कर्ण्यातून, गिरणीच्या भिंतीवर आपटून, परत येई. दुसरी कोणी निर्मला रस्त्यावर उभी राहून तिचेच बोलणे म्हणत असल्यासारखा. वाघ झाला, धबधबा झाला, मुली किंचाळल्या, टाळ्या वाजल्या. मग नगारे सुरू झाले. "इथे रानातले लोक राजकुमाराची वाट अडवतात," ती म्हणाली. खुर्चीवरून साहेब सौम्य आवाजात म्हणाले, "रानटी म्हणा, बाई. नरभक्षक. मुलींना फरक कळला पाहिजे." "हे रानटी लोक आहेत," ती म्हणाली. कडुनिंबावरूनही तेच आले. केसात हाडे खोचलेली आकृती हंड्यावरून उडी मारून गेली आणि सगळी खोली हसली. कोणीतरी कुजबुजले, "ए, तुझा काका!" आणि वसतिगृहाच्या मुली बसल्या होत्या त्या कोपऱ्यात हसणे अर्धवट तुटले. राजकुमार नदीच्या अलीकडे उभा होता. सांधा यंत्रातून टिक आवाज करून गेला. राजकुमार नदीच्या पलीकडे उभा होता.

"अवो," नंदाबाई मोठ्याने म्हणाली, "पोरगी कोटी गेली?"

हशा पिकला. ती उठून उभीच राहिली, तिच्या डोक्याची सावली पडद्यावरच्या राजकुमारावर पडली. "अवो मास्तरीनबाई, थे नदीतली पोरगी. थे काऊन नाई आली?"

"काय म्हणते ती?" साहेबांनी विचारले.

"साब, बोलती है लड़की किधर गयी, क्यों नहीं आयी," बिसराम म्हणाला.

"कोणती मुलगी? अरे हो, होती खरी. उतार दाखवणारी. भंडाऱ्याला पाहिली मी." साहेब खुर्चीत वळले. "बाई, जरा थांबवा. दिवे लावा. सरकारी प्रत आहे ही. कोणी कापली?"

दिवे लागले. निर्मलाने यंत्राचा दिवा आधी बंद केला, मग मोटार. या क्रमात तिचा हात चुकला नाही. सुशीलाबाईंचा चेहरा उतरला होता. मागून वच्छला ठणठणीत आवाजात म्हणाली, "कापली नाही, सर, जळली. माझ्यादेखत. हे मशीन म्हणजे चूल आहे चूल. आमच्या निर्मलाबाईंनी सांधली म्हणून आज दिसतं तरी आहे." साहेबांनी मान हलवली. "असं होय. मग तसं कळवायचं होतं. चला, सुरू करा." संपले होते. एवढेच होते. निर्मलाने टेबलाचा आधार घेतला. वच्छलाने पुरता विचार करून खोटे सांगितले होते की तिला खरेच तसे वाटत होते? तिच्याकडे पाहावेसे वाटले आणि पाहवले नाही.

नंदाबाई बसली नाही. ती यंत्राकडे आली. "जरली?" तिने हळहळून विचारले. "अरेरे. मी तं तिलेच पाहाले आली, बाई. आमच्या दरेकशाले गाडीवाल्यायनं मालधक्क्याच्या भितीवर दाखवला हा सिनेमा. साऱ्या गावानं पायला. बाकी सारं खोटं आहे त्याच्यात. आमी का हाडकं खोसतो केसात?" मुली पुन्हा हसल्या, ती त्यांच्याकडे वळून स्वतःही हसली. "पन थे पोरगी आमची होती. तिच्या पायाले असं गोदन होतं." आणि भर खोलीत, साहेबांच्या पुढ्यात, तिने लुगडे वर घेऊन पोटरी दाखवली. दोन उभ्या रेषा, आडव्या पायऱ्या. वसतिगृहातल्या तिच्या मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"बसवा तिला कोणीतरी," साहेब म्हणाले. "नाटक चाललंय."

"नाटक नाई, सायेब. या बाईले विचारा. यायनं पायली ना." नंदाबाईने निर्मलाकडे बोट केले. "सांगा ना, बाई. होती का नाई तिच्या पायाले शिडी? या पोरी मले येडी समजून राहिल्या."

निर्मलाने तोंड उघडले. एका गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती, आणि या खोलीत त्या शिडीची साक्ष देणारी आता तीच होती. नव्हती म्हणून सांगता येत होते. आठवत नाही म्हणूनही सांगता येत होते. ते सगळ्यांत सोपे, आणि त्यात कोणाचे काही जात नव्हते, या एका म्हाताऱ्या बाईचे आणि त्या कोपऱ्यातल्या मुलीचे सोडून. "होती," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तिला वाटले तो आतच राहिला. पण बाहेरून कर्णा म्हणाला, होती. माईक चालूच होता. टेबलावर त्याचा लाल दिवा जळत होता; तिने तो बंद केला नव्हता.

नंदाबाई समाधानाने हसली आणि मग हसता हसता तिचे डोळे बारीक झाले. ती जवळून पाहू लागली, गिऱ्हाईक भाताचा दाणा पाहते तसे. कपाळ, नाक, हनुवटी. "तुमी कोनच्या गावच्या, बाई?"

हा प्रश्न इथे कोणी विचारला नव्हता असे नाही. पण विचारणाऱ्यांना उत्तर आधीच माहीत असे. निर्मलाने लाल दिव्याकडे पाहिले. बोटभर अंतरावर खटका होता, खाली केला की झाले. बोट हलले नाही. भीती तिच्या छातीत इतकी भरली होती की तिच्या पलीकडे आणखी काही मावायला जागा नव्हती, आणि म्हणूनच की काय, आता तिला त्या भीतीचे काठ दिसत होते.

"दरेकशाची," ती म्हणाली.

"दरेकशाची? आनि मले ठावं नाई? कोनाची?"

नाव नाही विचारले. कोनाची. इतक्या वर्षांत तिला कोणी हे विचारले नव्हते.

"बकारामची. बकाराम मडावी, ग्यांगवाले."

कर्ण्याने ते नाव रस्त्यावर नेले, गिरणीच्या भिंतीवर आपटले आणि परत आणले. साहेबांची मान हळूहळू वळत होती. सुशीलाबाई उभ्या राहिल्या होत्या, पुन्हा बसल्या. वच्छला तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती; खाली, लुगड्याच्या काठाकडे पाहत होती. नाडी धावत होती, काहीही हलके झाले नव्हते. पण आता अर्धेच सांगून थांबणे म्हणजे पुन्हा खरी वाक्ये क्रमाने लावत बसणे होते.

"ती जळली नाही," निर्मला म्हणाली. "मी कापली."

नंदाबाईने तिच्याकडे पाहिले. रागाने नव्हे, न समजून.

"आपली पोरगी?" ती म्हणाली. "काऊन?"

बाहेर, कडुनिंबावरून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, कर्ण्यानेही विचारले, काऊन.